प्राध्यापकांचीही शाळा

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी कोणत्या विषयावर बोलणार हे सेक्रेटरी साहेबांनी विचारले, तेव्हा मी सांगितले, "महाविद्यालयातील प्राध्यापकांच्या अध्यापन-प्रशिक्षणावर." ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "सर, धावड्यात कॉलेजचे प्राध्यापक किती येणार आहेत ऐकायला?" त्यांचे म्हणणे बरोबर आहे. समोर बसलेल्यांत शेतकरी आहेत, मिरचीचे व्यापारी आहेत, गवंडी आहेत, दुकानदार आहेत, आणि दहावी-बारावीची मुले-मुली आहेत. प्राध्यापक असलाच तर एखादा, तोही पाहुणा म्हणून आलेला. तरीही हा विषय मी निवडला. प्राध्यापकाने शिकवायला शिकावे की नाही, या प्रश्नाचे भले-बुरे परिणाम अखेर आपल्या घरी येऊन पोहोचतात. एका मुलाच्या बाबतीत ते कसे पोहोचले, ते प्रथम सांगतो. त्याचे वडील येथे बसलेले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच सांगतो आहे.

हा मुलगा आपल्या शाळेचा. सातवीपर्यंत उर्दू माध्यमात शिकला, आठवीपासून बारावीपर्यंत मराठीत. बारावी वाणिज्य चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला. वडिलांची आठवडी बाजारात जिलेबी-भज्यांची गाडी. घरात पदवीला जाणारा हा पहिलाच. पेढे वाटले गेले. पुढे शहरातील एका महाविद्यालयात, नाव सांगण्याचे कारण नाही, बी.कॉम.च्या इंग्रजी माध्यमाच्या तुकडीत त्याने प्रवेश घेतला. इंग्रजीत शिकले म्हणजे नोकरी मिळते असे कोणी तरी त्याला सांगितले होते. पहिल्या सत्रात अर्थशास्त्रासह दोन विषय गेले. दुसऱ्या सत्रात तो वर्गात जाईनासा झाला, आणि त्या वर्षीच्या मोहरमनंतर मला कढईसमोर झारा घेऊन उभा असलेला दिसला.

मी विचारले, "काय रे, परीक्षा?"

म्हणाला, "सर, नहीं होता मेरे से. सब पाठ किया, तो भी समझ में नहीं आया."

मी त्याला अर्थशास्त्रातले काय पाठ केलेस ते म्हणून दाखव म्हटले. त्याने ‘लॉ ऑफ डिमिनिशिंग मार्जिनल युटिलिटी’ची व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हटली. एक शब्द चुकला नाही. मी म्हटले, याचा अर्थ सांग. तो गप्प. तेवढ्यात गाडीवर एक गिऱ्हाईक जिलेबी खात होते. मी म्हटले, "हे गृहस्थ पहिली जिलेबी ज्या चवीने खातात, त्याच चवीने पाचवी खातील काय?" तो हसून म्हणाला, "नाही सर. तिसरीनंतर लोक भजी मागतात." मी म्हटले, "मग तीच तुझी मार्जिनल युटिलिटी."

मुलाने झारा खाली ठेवला. "सर, म्हणजे बारावीला तुम्ही शिकवला तो घटत्या सीमान्त उपयोगितेचा सिद्धान्त... हा तोच आहे?"

मित्रहो, मी त्या रात्री नीट झोपलो नाही. जो सिद्धान्त त्याने बारावीला मराठीत लिहून गुण मिळवले, तोच सिद्धान्त महाविद्यालयात इंग्रजी पोशाख घालून आला तेव्हा त्याला ओळखता आला नाही. ज्याच्या बापाच्या गाडीवर हा सिद्धान्त रोज दहा वेळा घडतो, तो मुलगा त्याच सिद्धान्तात नापास झाला. यात दोष कोणाचा? महाविद्यालयातील प्राध्यापकांचा म्हणाल तर मी तेवढ्यावर थांबू देणार नाही. बारावीला तो विषय मीच शिकवला होता. जिलेबीचे उदाहरण मला वर्गात सुचले नव्हते, गाडीसमोर सुचले. त्या वर्गात मीही व्याख्याच सांगितली होती.

परंतु एक फरक आहे. मी चुकलो तर मला ‘तू चुकलास’ असे सांगणारी एक व्यवस्था होती, कारण मी बी.एड. आहे. शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकवायला काय लागते? पदव्युत्तर पदवी लागते, नेट किंवा सेट लागते, नाही तर पीएच.डी. लागते. म्हणजे विषय येतो की नाही ते पाहिले जाते. शिकवता येते की नाही ते पाहिले जात नाही. नेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन-अभिरुचीवर प्रश्न असतात हे खरे, पण ते पर्याय निवडण्याचे प्रश्न. पोहणे म्हणजे काय याची चार उत्तरे देऊन बरोबर उत्तरावर खूण करायला सांगितले, तर माणूस विहिरीत तरंगेल काय?

यामागे एक जुनी समजूत आहे. ज्याच्याजवळ ज्ञान आहे त्याला ते देता येतेच, असे आपण धरून चालतो. आपल्या मजहबी परंपरेतील विद्वानांना मात्र असे वाटत नव्हते. इमाम गझाली यांचा काळ इ.स. १०५८ ते ११११. त्यांच्या ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथाचा पहिलाच भाग इल्मवर आहे आणि त्यात विद्यार्थ्याच्या कर्तव्यांबरोबर उस्तादाची कर्तव्येही मोजून सांगितली आहेत. त्यांतील एक असे की, शिष्याची समज जेथवर पोहोचते तेथवरच उस्तादाने त्याला न्यावे, त्याच्या आवाक्याबाहेरचे त्याच्यावर लादू नये. म्हणजे उस्तादाला केवळ किताब माहीत असून भागत नाही, समोरचा शागीर्दही माहीत असावा लागतो. नऊशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

आता आपल्या देशात काय झाले ते थोडक्यात पाहू. मौलाना आझाद शिक्षणमंत्री असताना १९४८ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग नेमला गेला. डॉ. झाकिर हुसेन त्याचे एक सदस्य होते. या आयोगाने उजळणी वर्गांची शिफारस केली, पण गंमत पहा, ती माध्यमिक शाळांच्या आणि इंटरमीजिएट महाविद्यालयांच्या शिक्षकांसाठी केली. विद्यापीठांनी शाळामास्तरांना शिकवावे असा विचार होता. विद्यापीठातल्या प्राध्यापकाने कोणाकडून शिकावे, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर आला नव्हता. डॉ. झाकिर हुसेन यांना शिक्षकाच्या तयारीचे महत्त्व कोणी सांगायला नको होते. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर मूलोद्योग शिक्षणाची योजना तयार करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते, आणि १९३८ मध्ये दिल्लीच्या जामिया मिल्लियामध्ये शिक्षकांसाठी ‘उस्तादों का मदरसा’ सुरू झाला तो त्यांच्याच कारकिर्दीत.

१९५३ च्या २८ डिसेंबरला मौलाना आझादांच्या हस्ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन झाले. पुढे १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव आपल्या महाराष्ट्राचे जे. पी. नाईक. या आयोगाने स्पष्ट म्हटले की नव्याने लागलेल्या अधिव्याख्यात्यांसाठीही उद्बोधन वर्ग भरले पाहिजेत. शिफारस कागदावर आली. काही उन्हाळी वर्ग भरलेही, पण ते बहुधा विषयाचे नवे ज्ञान देण्यासाठी. शिकवावे कसे, हे मागेच राहिले. १९८३ मध्ये उच्च शिक्षणातील शिक्षकांसाठी प्रा. रईस अहमद यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय आयोग नेमला गेला आणि त्यानेही हा प्रश्न मांडला. मग १९८६ चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले, आणि त्यानंतर विद्यापीठांतून ‘अकॅडमिक स्टाफ कॉलेज’ नावाच्या संस्था उघडल्या. म्हणजे प्राध्यापकांची शाळा! २०१५ मध्ये त्यांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले. २०२३ मध्ये मालवीय मिशन सुरू झाल्यावर पुन्हा बदलले. देशभरच्या १११ केंद्रांतून पंधरा लाख अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट त्या वेळी जाहीर झाले. आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही असे केंद्र आहे. राज्य शासनाने पुण्याला महाराष्ट्र राज्य अध्यापक विकास संस्था उभी केली ती वेगळीच. नावे बदलण्यात आपला देश कधीच मागे राहिला नाही, पण ते असो. व्यवस्था उभी आहे ही चांगली गोष्ट आहे.

तेथे प्रत्यक्षात काय चालते, याची मला उत्सुकता होती. माझे मावसभाऊ, आम्ही त्यांना भाईजान म्हणतो, दुसऱ्या जिल्ह्यात एका वरिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतात. वर्गात बोलायला लागले की फळ्यावर नकाशा असा काढतात की पाहत राहावे. काही वर्षांपूर्वी ते अशाच एका उद्बोधन वर्गाला जाऊन आले. जाताना कुरकुरत गेले. इतकी वर्षे शिकवतो आहे, आता मला कोण शिकवणार, असे म्हणाले. ईदला भेट झाली तेव्हा मी विचारले, काय शिकलात? त्यांनी सांगितलेली हकीकत अशी.

बहुतेक दिवस भाषणांचे गेले. संशोधन कसे करावे, पर्यावरण, संगणक, नवे धोरण, असे एकेक वक्ते येत आणि बोलून जात. दुपारी जेवणानंतर निम्मे प्राध्यापक पेंगत. भाईजान म्हणाले, "व्याख्यान देऊ नका, विद्यार्थ्याला सहभागी करून घ्या, या विषयावर आम्हांला दीड तासाचे व्याख्यान दिले." मी खूप हसलो. पण मग ते गंभीर झाले. एके दिवशी प्रत्येकाला आपापल्या विषयाचा सहा मिनिटांचा पाठ घ्यायला सांगितला. समोर विद्यार्थी म्हणून इतर प्राध्यापक. मागे एकाने मोबाइलवर चित्रण केले. नंतर ज्याचे त्याला दाखवले.

भाईजान पुढे म्हणाले, "सहा मिनट में मैंने कितने सवाल पूछे, मालूम? एक. ‘समझे क्या?’ और जवाब के लिए रुका भी नहीं. नकाशा काढत होतो तेव्हा पाठ सगळ्यांकडे. भाई, मैं तो दीवार कू पढा रहा था." इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःला शिकवताना कधी पाहिलेच नव्हते. आणि कोणी पाहून सांगितलेही नव्हते. महाविद्यालयात एकाच्या तासाला दुसरा प्राध्यापक जाऊन बसत नाही, तो अपमान समजला जातो.

माझ्या बी.एड. झालेल्या सहकाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटली असेल. आपण तिला सूक्ष्म अध्यापन म्हणतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ती सुरू झाली. आपल्या अध्यापक महाविद्यालयांत तिचे चक्र छत्तीस मिनिटांचे असते. सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण, बारा मिनिटे पुन्हा नियोजन, सहा मिनिटे पुन्हा पाठ आणि सहा मिनिटे पुन्हा प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य. आज फक्त प्रश्न विचारणे, उद्या फक्त फलकलेखन, परवा फक्त उदाहरण देणे. छात्राध्यापक असताना आम्ही या सूक्ष्म पाठांची चेष्टा करीत असू. टाचणाची वही एकमेकांची पाहून उतरवत असू, हे आज विद्यार्थ्यांसमोर कबूल करायला संकोच वाटतो, पण खरे तेच सांगितले पाहिजे. त्या वेळी उदाहरण-कौशल्याचा पाठ मी मन लावून घेतला असता, तर जिलेबी मला वर्गातच सुचली असती.

येथे कोणी म्हणेल की खेड्यापाड्यातल्या महाविद्यालयांची ही अवस्था, मोठ्या विद्यापीठांत असे नसते. म्हणून एक बाहेरचे उदाहरण देतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात एरिक मझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. विद्यार्थी त्यांना उत्तम शिक्षक मानत. मुले अवघड गणिते सोडवत. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गाला गती आणि बल यांवरचे अगदी साधे प्रश्न घातले, आकडेमोड नसलेले, नुसत्या समजुतीचे. तेव्हा एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले की उत्तरे तुम्ही शिकवले त्याप्रमाणे लिहू, की मला खरोखर वाटते त्याप्रमाणे? निकाल पाहिल्यावर प्राध्यापकांच्या लक्षात आले की मुलांनी सूत्रे पाठ केली आहेत, समजूत मात्र जुनीच आहे. त्यांनी पद्धत बदलली. थोडे बोलायचे, मग एक प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपले उत्तर द्यायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, एकमेकांना पटवायचे, आणि पुन्हा उत्तर द्यायचे. विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला समजावण्याची ही रीत आज जगभरच्या प्राध्यापकांच्या कार्यशाळांतून शिकवली जाते.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना यात नवल वाटणार नाही. सबक झाल्यावर मदरशातील मुले दोघे-दोघे बसून तो एकमेकांना समजावतात, त्याला ‘तकरार’ म्हणतात. हार्वर्डने ती पद्धत आपल्याकडून घेतली असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे म्हणू नये. चांगली गोष्ट दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचू शकते.

मग अशा कार्यशाळा इतकी वर्षे होत असताना आपल्या जिलेबीवाल्या मुलाच्या वर्गात काही पोहोचले का नाही? याची मला दिसलेली दोन-तीन कारणे सांगतो. पहिले असे की हे वर्ग बढतीशी बांधले गेले आहेत. वरच्या वेतनश्रेणीत जायचे तर प्रमाणपत्र लागते. बंधन नसते तर बरेचजण गेलेच नसते, म्हणून मी बंधनाला वाईट म्हणणार नाही. पण माणूस प्रमाणपत्रासाठी जातो, प्रमाणपत्र घेऊन येतो आणि ते फाइलला लागते. परत आल्यावर त्याच्या वर्गात काय बदलले हे कोणी पाहायला येत नाही. करोनाच्या काळात, म्हणजे २०२० पासून, हे वर्ग ऑनलाइन होऊ लागले. त्यामुळे दूरच्या प्राध्यापकाला, विशेषतः लहान मुले असलेल्या प्राध्यापिकांना, घर न सोडता सहभागी होता आले, ही सोय मोठीच. पण कॅमेरा बंद ठेवून भाजी निवडता येते, हेही तितकेच खरे. सहा मिनिटांचा पाठ घेऊन स्वतःचे चित्रण पाहणे तेथे अवघड होते.

दुसरे कारण मला अधिक टोचते. ग्रामीण महाविद्यालयांतून शिकवणारे कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर असतात. तासाप्रमाणे पैसे, तेही वेळेवर मिळतील याची खात्री नाही. उन्हाळ्यात काही नाही. एका महाविद्यालयात सकाळी दोन तास, दुसऱ्यात दुपारी दोन तास आणि मधले अंतर मोटारसायकलवर. त्यांना बढतीच नाही, म्हणून प्रशिक्षणाची सक्तीही नाही आणि सवडही नाही. आणि आपल्या गावाकडची मुले बहुधा ज्यांच्यासमोर बसतात ते हेच तरुण. ज्याचा वर्ग सर्वांत अवघड, त्यालाच तयारीची संधी सर्वांत कमी. त्याच्यावर रागावून काय करायचे? आपल्याच घरातला एम.ए., नेट झालेला मुलगा उद्या तेथे उभा राहणार आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. याबाबत आपल्या मराठवाड्याचा इतिहास मोठा विलक्षण आहे. १९१८ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघाले आणि तेथे उर्दूतून उच्च शिक्षण सुरू झाले, विज्ञान आणि वैद्यकसुद्धा. त्यासाठी आधी तर्जुम्याचे स्वतंत्र खाते काढून पुस्तके तयार केली. मौलवी अब्दुल हक हे तेव्हा औरंगाबादला राहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम पाहत. त्या व्यवस्थेचा तोटाही होता. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांवर उर्दूचा बोजा पडला, ही तक्रार खरी होती आणि तिची बाजू आपण समजून घेतली पाहिजे. पण एक गोष्ट त्या लोकांनी ओळखली होती की भाषा बदलायची तर तयारी करावी लागते, शब्द घडवावे लागतात, शिक्षक घडवावे लागतात. आज आपला मुलगा उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जातो, आणि एकाही वळणावर त्याचा हात धरायला कोणी उभे नसते. पहिल्या वर्षाच्या प्राध्यापकांच्या कार्यशाळेत एक पूर्ण दिवस एवढ्या एका गोष्टीला द्यावा असे माझे नम्र मत आहे. पहिले पंधरा दिवस प्रत्येक नव्या इंग्रजी संज्ञेशेजारी फळ्यावर तिचा मराठी शब्द लिहावा. मार्जिनल युटिलिटी, सीमान्त उपयोगिता. एवढेच. यासाठी पैसे लागत नाहीत, खडू लागतो.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले होते की देशातील नामांकित महाविद्यालयांत पदवीच्या दर पंचवीस विद्यार्थ्यांत एक मुस्लिम होता आणि पदव्युत्तर वर्गांत दर पन्नासांत एक. या आकड्यांवर आपण सभांतून खूप बोललो. फी, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांवर बोललो आणि ते बोललेच पाहिजे. पण पंचवीसांतला जो एक कसाबसा आत पोहोचला, तो आत गेल्यावर का निसटतो, यावर फारसे बोललो नाही. आपण म्हणतो, पोराचे लक्ष नव्हते. पोरगाही तसेच म्हणतो, कारण त्याला स्वतःला तसेच वाटते. मुलीच्या बाबतीत तर एक विषय गेला की घरात लगेच दुसरीच बोलणी सुरू होतात. मातांनो, वडीलधाऱ्यांनो, एक विषय जाणे हा मुलीच्या बुद्धीवरचा निकाल नव्हे. शिकवणे पोहोचले नाही, एवढाही त्याचा अर्थ असू शकतो. प्रवेश रद्द करण्यापूर्वी निदान एकदा तिच्या प्राध्यापकांना जाऊन भेटा. शाळेत तुम्ही आमच्याकडे येता, भांडता, "मास्तर, पोरगी काय करते?" म्हणून विचारता. महाविद्यालयाच्या दारापर्यंत गेल्यावर मात्र तुमचे पाय अडखळतात. तेथे इंग्रजीत बोलावे लागेल असे वाटते. लागत नाही. ते प्राध्यापकही तुमच्यासारख्याच घरांतून आलेले आहेत.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दोन तरतुदी आहेत. आम्हां शाळेच्या शिक्षकांना दरवर्षी पन्नास तासांचे प्रशिक्षण अपेक्षित आहे. आणि नव्याने पीएच.डी. करणाऱ्यांनी आपल्या विषयाच्या अध्यापनपद्धतीचा अभ्यासक्रम पूर्ण करावा असेही म्हटले आहे. या दुसऱ्या तरतुदीचा मला अधिक आनंद झाला. पुढील पिढीचा प्राध्यापक नोकरीला लागण्यापूर्वीच शिकवणे शिकून येईल, निदान कागदावर तरी. कोठारी आयोगाचा कागद प्रत्यक्षात उतरायला वीस वर्षे लागली होती, ते ध्यानात ठेवून मी आनंद आवरता घेतला आहे.

तोपर्यंत आपण काय करायचे? संस्थेपुढे मी एक छोटी सूचना ठेवली आहे आणि अध्यक्ष साहेबांनी ती मान्य केली, याबद्दल त्यांचा आभारी आहे. यंदा हिवाळ्याच्या सुटीत जवळपासच्या महाविद्यालयांतील तीन-चार प्राध्यापकांना आपण आपल्या शाळेत बोलावणार आहोत. भाषणासाठी नव्हे. हार नाही, शाल नाही. त्यांनी आमच्या बारावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचे, आम्ही शिकवतो ते पाहायचे आणि नंतर चहा घेताना आमच्या चुका सांगायच्या. आणि त्या बदल्यात आमच्यापैकी दोघांना त्यांच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मागे बसू द्यायचे. एकाने फोनवर आनंदाने होकार दिला. दुसऱ्यांनी "तपासणीला येणार काय?" असे विचारले. मी म्हटले, "नाही साहेब, शिकायला." ते विचार करून कळवतो म्हणाले.

विद्यार्थ्यांना एक काम. तुमच्यापैकी जे या वर्षी महाविद्यालयात गेले आहेत आणि आज सुटी घेऊन आले आहेत, त्यांच्यासाठी कार्यालयाबाहेरच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत. वर्गात कोणत्या ठिकाणी समजेनासे झाले, तेवढेच लिहा. विषयाचे नाव आणि तो शब्द किंवा तो धडा. प्राध्यापकांचे नाव नको, महाविद्यालयाचे नाव नको, तुमचेही नको. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, कसेही लिहा. पाहुणे येतील तेव्हा हे कागद आम्ही त्यांच्यापुढे ठेवू. बारावीला आम्ही काय कच्चे ठेवले, तेही त्यातून आम्हांला कळेल.

आणि तो जिलेबीवाला मुलगा? त्याने पुन्हा अर्ज भरला आहे. गाडी सोडलेली नाही, बाजाराच्या दिवशी वर्ग बुडतो, पण बाकीचे दिवस जातो. रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही दोघे शाळेच्या ओट्यावर बसतो. एक नियम केला आहे की मी शिकवायचे नाही, त्याने मला शिकवायचे. मागच्या रविवारी त्याने ‘इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड’, म्हणजे मागणीची लवचिकता, मिरचीच्या भावावरून समजावून सांगितली. भाव चढला तरी घरात तिखट लागतेच, म्हणून मिरचीची मागणी फारशी कमी होत नाही. पण जिलेबी महागली की लोक सरळ पुढे निघून जातात, असे तो म्हणाला. एके ठिकाणी तो चुकला असे मला वाटले आणि मी त्याला टोकले. घरी येऊन पुस्तक उघडले, तर मीच चुकलो होतो. येत्या रविवारी ते त्याला सांगायचे आहे.